नऊ खळग्यांचा बाक

“वस्तू बोलत नाहीत, हे मान्य. पण म्हणून त्यांच्या वतीनं आपण खोटं बोलायचं, असं कुठल्या नियमात लिहिलंय?”

क्रमांकबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात कापसाचा ओला बोळा होता आणि समोर, भिंतीला टेकवलेला, जुन्या राजवटीतला एक गव्हर्नर. तैलचित्रावर बुरशी धरली होती आणि बाई त्याचा गाल पुसत होत्या. संग्रहालयात वस्तूंखालच्या पाट्या लिहायचे काम माझ्याकडे होते. मी एवढेच सुचवले होते, की याचे नाव आता कुणाला नको आहे, तर ‘एका पुरुषाचे चित्र’ असे लिहून मोकळे होऊ. बाईंनी बोळा पिळला, वरचे वाक्य ऐकवले आणि पुन्हा गालाला लागल्या. “यानं माणसं तुरुंगात घातली,” त्या म्हणाल्या. “नाव पुसलं तर उद्या पोरं विचारतील, कुणी घातली? मग काय सांगाल, एका पुरुषानं?”

बाईंचे वडील याच इमारतीत पहारेकरी होते. झेंडा बदलला त्या दिवशी हे चित्र वरच्या दालनातून तळघरात आणायला जे चौघे होते त्यांत तेही होते. जिन्याच्या वळणावर चौकट अडकली, म्हणून चित्र उलटे करावे लागले. “साहेब खाली डोकं वर पाय झाले तेव्हा आमची खात्री पटली,” असे ते घरी सांगत. बाई तेव्हा चार वर्षांच्या होत्या. त्यांचा देशावरचा जीव त्या गोष्टीतून आलेला, साधा आणि चिवट. झेंड्याच्या दिवशी त्या सकाळी सातला येऊन स्वतः पायऱ्या धुवायच्या, कुणी सांगितले नसताना.

त्यांना क्रमांकबाई म्हणत, कारण भांडारातली प्रत्येक वस्तू त्यांना क्रमांकाने पाठ होती. “तेराशे चारवर पाणी गळतंय,” एवढे त्या फोनवर म्हणायच्या आणि आम्ही मातीचा रांजण हलवायला धावायचो. नवरा होता तोवर त्यांची थट्टा करायचा, “माझ्याही पाठीवर कुठंतरी टाकलेला असणार. आरशात दिसत नाही, एवढंच.”

क्रमांक घालण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी वस्तूच्या न दिसणाऱ्या जागी पारदर्शक रोगणाचा पातळ हात. तो वाळला की बारीक निबाने काळ्या शाईत आकडे. त्यावर पुन्हा रोगण. उद्या आकडा काढायची वेळ आली तर स्पिरिटच्या दोन थेंबांत निघून जावा आणि खालच्या लाकडाला कळूही नये. जुन्या राजवटीतले आकडे थेट छिन्नीने खोदलेले असत. नव्या माणसाला शिकवताना बाई दोन्ही शेजारी शेजारी दाखवायच्या. “हे कायमचे राहायला आले होते,” खोदलेल्या आकड्यावर बोट ठेवून त्या म्हणायच्या. दुसऱ्यावर बोट ठेवून काही म्हणायच्या नाहीत.

सहा हजार दोनशे अठरा हा क्रमांक त्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी घातला. नोकरीचे पहिलेच वर्ष. लष्कराच्या ट्रकमधून एक बाक आला होता. एकाच ओंडक्यातून काढलेला, नऊ माणसे बसतील एवढा लांब, आणि पिढ्यान्‌पिढ्या बसून त्याच्यावर नऊ खळगे पडलेले. डोंगराळ सीमेवरच्या एका गावातला. ट्रकबरोबरच्या अधिकाऱ्याने सही केली. नोंदवहीत ‘कसे मिळाले’ असा रकाना होता. बाईंनी विचारले, काय लिहू? अधिकारी म्हणाला, “गाव रिकामं होतं. तुमच्यात काय लिहितात ते लिहा.”

बाईंच्या वरचे नोंदणी कारकून, ज्यांना सगळे थोरले बाबू म्हणत, त्यांनी चष्म्यावरून बघितले. “विकत घेतलाय?”

“नाही.”

“खोदताना सापडलाय?”

“नाही.”

“मग भेट. विचारायचं काय त्यात?”

इथे असेच चालत आले होते. खरेदी नाही आणि उत्खनन नाही, म्हणजे भेट. चौथा शब्द कुणी वापरल्याचे थोरल्या बाबूंनाही आठवत नव्हते. बाईंनी लिहिले, भेट. अक्षर सुंदर आले. एकतीस वर्षे ते त्या पानावर होते आणि वाळवीनेही त्याला तोंड लावले नाही.

मग एका सकाळी डोंगराकडची एक म्हातारी आली. पायात पुरुषी बूट, हातात अर्ज. अर्ज कुणा मास्तरांनी लिहून दिलेला होता, पण ती तो वाचू देत नव्हती. स्वतःच सांगत होती. बाकाचे गाव तिचे. माणसे पांगली होती. आता त्यातली चाळीसेक घरे खालच्या उतारावर पुन्हा उभी राहिली होती आणि त्यांना बाक परत हवा होता.

बाई तिला तळघरात घेऊन गेल्या. मी दिवा लावायला पुढे झालो. म्हातारीने बाक बघितला, इकडे तिकडे पाहिले नाही, सरळ जाऊन डावीकडून तिसऱ्या खळग्यात बसली.

“ओ आजी, वस्तूवर बसायचं नाही,” दारातून पहारेकरी ओरडला.

“वस्तूवर कोण बसलंय? मी बाकावर बसलेय,” म्हातारी म्हणाली. “ही माझ्या आईची जागा.”

बाईंनी पहारेकऱ्याला हातानेच गप्प केले. मग विचारले, “तिकडं आता बसायला काहीच नाही का?”

“आहेत की. सरकारनं प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्यात, पन्नास.”

“मग?”

“खुर्ची हलते, बाई. भांडण झालं की ज्याला राग येतो तो आपली खुर्ची उचलतो नि बाहेर जाऊन बसतो. मागच्या खेपेला पाण्याच्या भांडणात निम्मं गाव खुर्च्या घेऊन अंगणात. ह्याच्यावर तसं करता यायचं नाही. उठायचं तर नुसतं उठायचं, आणि परत यायचं तर ह्याच दोघांच्या मधे यायचं.” तिने दोन्ही बाजूंच्या खळग्यांवर तळवे ठेवले. “चिकटून बसावं लागायचं. ज्याच्याशी भांडलो त्याच्या मांडीला मांडी.”

अर्ज वर गेला. तीन आठवड्यांनी संचालकांच्या सहीचे उत्तर आले आणि ते टपालात टाकायचे काम बाईंकडे आले. ‘नोंदवहीनुसार सदर वस्तू भेट म्हणून प्राप्त झालेली असल्याने ती परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ बाईंनी ते दोनदा वाचले. मग पाकीट बंद केले. ते त्यांनी त्याच दिवशी टपालात टाकले. हे त्यांनी मला पुढे स्वतःहून सांगितले, लपवले नाही.

आमचे संचालक वाईट माणूस नव्हते. उलट ते आले आणि या धूळखात्यात जीव आला. आमच्या शेवटच्या राजाची मुद्रा जुन्या राजवटीच्या, म्हणजे साम्राज्याच्या सैन्याने नेली होती आणि ती दीडशे वर्षे समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयात काचेखाली होती. ती परत मागायचे काम संचालकांनी हाती घेतले. पाच वर्षे ते त्यासाठी झिजले. त्यांचे केस पिकले, दात पडले, पण त्यांनी रजा घेतली नाही. शेवटी तिकडून उत्तर आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना वरच्या दालनात बोलावले आणि स्वतः वाचून दाखवले. पत्र लांब होते, पण सार एका ओळीचे. आमच्या नोंदवहीत सदर मुद्रा ‘भेट’ म्हणून नोंदलेली असल्याने ती परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

संचालकांनी पत्र खाली ठेवले. “ज्याच्या कपाळाला बंदूक लावलीय त्यानं दिलेल्या वस्तूला भेट म्हणायचं असेल, तर माणूस नुसता निर्लज्ज असून भागत नाही. त्याच्याकडे नोंदवहीही असावी लागते.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. मग त्यांचे हात मधेच थांबले, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्या तशाच उठून खाली गेल्या. मी गेलो तेव्हा त्या बाकासमोर उभ्या होत्या.

“ओळ न् ओळ तीच आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांचा कारकून आणि मी. एकमेकांना कधी बघितलं नाही. तरी बघा, अक्षरसुद्धा सारखं असेल.”

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. मला पाट्यांचा मसुदा दाखवायचा होता म्हणून मी तिथे होतो.

“साहेब, बाकाची नोंद चुकलीय. दुरुस्त करायचीय.”

संचालकांनी पेन खाली ठेवले. त्यांना लगेच कळले, कोणता बाक. “बाई, बसा. आधी एक सांगा. घरातली एक वस्तू या खोलीतून त्या खोलीत ठेवली, तर तिला चोरी म्हणतात का?”

“खोलीतल्या माणसाला बाहेर काढून ठेवली, तर म्हणतात.”

“साम्राज्य परकं होतं. आपण त्यांना परके आहोत का? तेही याच देशाचे.”

“मग आधी मागून बघायचं होतं की त्यांना. आपला माणूस मागितल्याशिवाय नेत नाही.”

संचालक हसले, पण चेहऱ्याने नाही. “ऐका. तिकडचं संग्रहालय नाही म्हणालं, तरी दोन्ही सरकारांनी मिळून तिघांची समिती नेमलीय. एक तिकडचा, एक इकडचा, एक तिसऱ्याच देशाचा. पुढच्या सोमवारी ती इथं येतेय. तिकडच्यांची अट आहे, मागणाऱ्यानं आधी आपलं घर स्वच्छ असल्याचं लिहून द्यावं. नोंदवही तुमच्या ताब्यात, म्हणून प्रमाणपत्रावर तुमची सही लागणार. त्या बाकाची भानगड आत्ता उकरलीत, तर मुद्रा गेली. दीडशे वर्षांनी दार किलकिलं झालंय. एकदा मुद्रा येऊ दे. मग त्या डोंगराकडच्यांचंही बघू. त्यांची अजून तिथं धड खोलीसुद्धा नाही. बाक सांभाळतील कसा?”

“हेच आपल्याला सांगायचे ना ते?” बाई म्हणाल्या. “तुम्ही अजून तयार नाही. मुद्रेला तुमच्याकडं धड काच नाही. नंतर बघू.”

संचालकांनी खाली ठेवलेले पेन उचलून खिशात घातले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “तुमच्या भावाची पलटण होती ना त्या डोंगरात? त्यालाही विचारा मग. तो परत आला तो लंगडत. त्याला सांगा, तू लुटारू होतास.”

हा घाव बरोबर बसला. कारण राष्ट्र म्हणजे काय, हे बाईंच्या घरात रोज समोर बसलेले असे.

भाऊ त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. डोंगरात पाय गेला तेव्हापासून बहिणीकडेच राहायचा आणि वेताच्या खुर्च्या विणून द्यायचा. रविवारी दुपारी मी नोंदवहीची नक्कल पोहोचवायला गेलो तेव्हा तो खिडकीशी एका खुर्चीचे बूड विणत होता. वेत ओला करायची बादली मधे आणि पलीकडे बाई. दोघांचे आधीच जुंपले होते. मला कुणी जा म्हटले नाही.

“संचालक बोलले ते बोलले. तूही आता आम्हाला चोर म्हण, ताई. बाहेरचे म्हणतातच.”

“मी तुला काही म्हणत नाही. मी विचारतेय. गाव रिकामं होतं का?”

“पलीकडून गोळ्या यायच्या.”

“ते नाही विचारलं.”

“तुला इथं पायऱ्या धुऊन देश कळतो. आम्ही तिथं—” त्याने वेत ओढला, तो तुटला. “हे बघ, तुटला. तुझ्यामुळं.”

“दुसरा घे. गाव रिकामं होतं का?”

त्याने दुसरा घेतला, पाण्यात बुडवला, बुडवूनच ठेवला. बाईंनी घाई केली नाही. बादलीत वेत सरळ होत राहिला.

“आम्ही रिकामं केलं,” तो म्हणाला. “दोन तास दिले होते. एक बाई त्या बाकावर बसून उठेना. तिला उचलली. हलकी होती. कॅप्टन म्हणाला, बाक चांगलाय, राजधानीला जाऊ दे, लोक बघतील. आम्हाला वाटलं, बरंच झालं. काहीतरी चांगलं होतंय यातून.” थोड्या वेळाने म्हणाला, “देशासाठीच केलं ना सगळं. ते खोटं नाही, ताई.”

“खोटं नाही,” बाई म्हणाल्या. “मी ‘भेट’ लिहिलं तेही देशासाठीच. माझा फक्त पाय शाबूत राहिला.”

“नाव घालणार माझं?”

“तुझं नाव कशाला? नोंद वस्तूची असते. माझी सही आहे तिथं, ती पुरे.”

तो खुर्चीच्या रिकाम्या चौकटीतून जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पेपरवाले तुला देशद्रोही म्हणतील.”

“म्हणू देत. तू काय म्हणशील?”

“मी म्हणेन, बहीण हट्टी आहे. लहानपणापासून.” आणि त्याने विणकाम पुन्हा हातात घेतले.

सोमवारी समिती आली. वरच्या दालनात लांब टेबल, हिरवे कापड, पाण्याचे पेले. संचालक, तिघे सभासद, एक दुभाषी. पाट्या दाखवण्यासाठी मी भिंतीजवळ उभा. मुद्रेवर दीड तास बोलणे झाले आणि संचालक इतके छान बोलले की आमच्या पहारेकऱ्याचे डोळे भरून आले. मग तिकडच्या सभासदाने प्रमाणपत्राची आठवण केली. अतिशय सभ्यपणे. कागद फिरत बाईंसमोर आला.

बाई उठल्या, कपाटातून मोठी नोंदवही आणली आणि बाकाच्या पानावर उघडली. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, कागद खरवडता येत नाही, पान फाडता येत नाही. दुरुस्ती करायची तर एकच वाट असते. जुन्या शब्दावर एक सरळ रेघ, अशी की खालचा शब्द वाचता यावा. वर नवा मजकूर, शेजारी तारीख आणि पूर्ण सही. बाईंनी पट्टी लावून ‘भेट’वर रेघ मारली. वर लिहिले, ‘गाव खाली करवून सक्तीने आणला.’ तारीख घातली. सही केली. वही समितीकडे फिरवली.

दुभाष्याने ते वाचून दाखवले. तिकडचा सभासद किंचित हसला. “म्हणजे तुमच्याकडेही?”

“आमच्याकडेही,” बाई म्हणाल्या. दुभाषी भाषांतर करीपर्यंत त्या थांबल्या. मग ओल्या ओळीला धक्का न लावता त्यांनी डावीकडची पाने उचलून धरली आणि मुखपृष्ठाची आतली बाजू दाखवली. तिथे एक पिवळा छापील कागद चिकटवलेला होता. आम्ही सगळ्यांनी तो हजारदा बघितला होता, म्हणजे कधीच बघितला नव्हता. खाली साम्राज्याच्या काळातल्या संग्रहपालाची सही. “हे तुमच्या लोकांनी आम्हाला शिकवलं. खरेदी किंवा उत्खनन नसेल तर ‘भेट’ असं लिहावं. तुमच्या वहीतही हाच कागद असणार, कारण तिथूनच छापून यायचा. तेव्हा तुमच्या ‘भेट’चा अर्थ काय, ते मी सांगू शकते. तीस वर्षं मी तोच लिहिलाय. त्याचा अर्थ एवढाच, की कुणी विचारलं नाही. मी माझा खोडला. आता तुमचा खोडायला सांगायला माझं तोंड मोकळं आहे.”

तिसऱ्या देशाच्या सभासदाने वही ओढून घेतली आणि तो कागद वाचू लागला, नखाने एकेक ओळ धरून. तिकडचा हसायचा थांबला. त्याने दुभाष्याला काहीतरी विचारले आणि उत्तराची वाट न बघता लिहायला घेतले.

संचालकांच्या चेहऱ्यावरून एकाच वेळी दोन माणसे गेल्यासारखी वाटली. एकाला पाच वर्षांत न सापडलेला पुरावा सापडला होता. दुसऱ्याच्या देखत त्याचे घर उघडे पडले होते. ते बाईंच्या कानाशी झुकले. मला ऐकू आले, कारण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

“बाई, कमाल केलीत. खरंच. बाक जाऊ दे, मी पाठवतो, शब्द देतो. फक्त एक करा. शाई अजून ओली आहे. ‘सक्तीने’ नको. ‘सुरक्षेसाठी’ लिहा. अर्थ तोच राहतो. आपलीच माणसं होती ती, आपलंच सैन्य. एक शब्द.”

त्यांनी स्वतःचे पेन टोपण काढून बाईंपुढे धरले. महागाचे, निळे, सोनेरी टोकाचे. समितीचे तिघेही आता बघत होते. पहारेकरी बघत होता. बाईंनी त्या पेनाकडे बघितले, मग वही आपल्याकडे ओढून बाकाचे पान पुन्हा समोर घेतले. टिपकागद उचलला, सहीवर ठेवला, तळव्याने दाबला आणि काढून बघितला. अक्षर फिसकटले नव्हते. प्रमाणपत्र सहीविना कोरेच होते. ते त्यांनी संचालकांकडे सरकवले.

मग टेबलाला हात टेकून त्या उठल्या, खुर्ची जागच्या जागी आत लोटली आणि पिशवी खांद्याला लावून, कुणाकडेही न बघता दालनाबाहेर चालत गेल्या.